खिशातील इंटरनेट, मेजावरील संगणक
गावात तारेचे इंटरनेट आलेले नाही म्हणून घरातील संगणकावर कापड टाकून ठेवणारी कुटुंबे आम्हांस ठाऊक आहेत. वस्तुतः मोबाईलमध्ये येणारा डेटा संगणकालाही पुरविता येतो. मोबाईलचा ‘हॉटस्पॉट’ चालू केला की काम भागते. पण आमचे मत विचाराल तर यूएसबी वायरने दोन्ही जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ निवडावे. बॅटरी उतरत नाही, आणि शेजाऱ्यास पासवर्ड नाकारण्याचा संकोचही टळतो!

मात्र संगणक मोठा खादाड. तो आपली अपडेट्स गुपचूप उतरवू लागतो, आणि मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्ध्यावर असतानाच दिवसाचा दीड जीबी संपून जातो. विंडोजमध्ये त्या जोडणीस ‘मीटर्ड कनेक्शन’ ठरविल्यास बहुतेक अपडेट्स थांबतात.

याहून गंभीर बाब व्हॉट्सॲपची. २०१५ पासून ते संगणकावरही उघडते. मोबाईलने पडद्यावरील क्यूआर कोड टिपला की झाले. पूर्वी मोबाईल बंद पडला की संगणकावरील व्हॉट्सॲपही थांबे. २०२१ पासून ही रीत बदलत गेली, आणि आता मोबाईल बंद असला तरी संगणकावर संदेश येत राहतात. कागद छापून घेण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲप उघडून मुलगी तशीच घरी परतली, तर घरातील आजारपण, देणेघेणे, सोयरिकीची बोलणी, सारे तेथे कोणासही वाचता येते. दुकानदार सज्जन असेल. पण त्या खुर्चीवर दिवसभरात कितीजण बसतात!

वाचकहो, व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ ही यादी आजच उघडून पाहावी. अनोळखी संगणक दिसल्यास त्यावर बोट ठेवून ‘लॉग आउट’ करावे. त्यासाठी दुकानात पुन्हा जावे लागत नाही.