नाव कशासाठी?

वर्गीकरणाचा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) व्यक्तिचित्रांत धरायचे की कथांत, हा वाद वर्गात पुन्हा पुन्हा निघतो आणि तास संपला तरी मिटत नाही. याचे कारण, मला वाटते, हे नाव आपल्याला कशासाठी हवे आहे, हा पहिला प्रश्नच आपण विचारत नाही. या विसराळूपणाचे एक स्पष्ट उदाहरण साहित्याबाहेर, ब्रिटनच्या वाहननियमांत आढळते. तेथे नुसता वाद होऊन भागत नाही. गाडीचे ब्रेक आणि माणसाचा निवारा दोन्ही पणाला लागतात.

मालवाहू व्हॅन विकत घ्यावी, तिच्यात झोपण्याची सोय, टेबल, शेगडी, कपाटे बसवावीत आणि तिचे फिरते घर करावे, ही रीत ब्रिटनमध्ये चांगलीच रुजली आहे. काहींची ती सुट्टीतली हौस असते. ब्रिस्टलसारख्या शहरात काहींचे तेच एकमेव घर असते. मात्र अशी गाडी ‘व्हॅन’च राहिली की ‘मोटर कॅरव्हॅन’ झाली, हे दोन ठिकाणी ठरते, आणि दोन्हीकडचे निकष निराळे आहेत.

पहिले ठिकाण नोंदणीचे. डीव्हीएलए हे खाते आतली मांडणी तर पाहतेच, पण बाह्यरूपावरही भर देते. बाजूला किमान दोन खिडक्या, राहण्याच्या भागाला स्वतंत्र दार, अंगावर कॅरव्हॅनला शोभणारी रंगीत नक्षी, कापडी छपरी अडकवण्याचा दांडा, उंच छत अशी लक्षणे त्यात मोजली जातात. नोंदीतले वर्णन वाचून पोलिसाला रहदारीत ती गाडी ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू. आत संपूर्ण घर असूनही अनेक गाड्या कागदोपत्री ‘खिडक्यांची व्हॅन’ ठरतात त्या यामुळेच.

दुसरे ठिकाण ‘एमओटी’चे, म्हणजे १९६० साली सुरू झालेल्या रस्तायोग्यतेच्या चाचणीचे, आपल्याकडे लोक ज्याला ‘पासिंग’ म्हणतात त्याचा हा जवळचा भाऊ. येथे मालवाहू गाडीचा वर्ग वजनावर ठरतो. मालासह कमाल वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मोटारींबरोबर चौथा वर्ग, त्यापुढे ३५०० किलोपर्यंत सातवा वर्ग आणि त्याहून अधिक असेल तर जड वाहनांची वेगळी चाचणी. मोटर कॅरव्हॅन मात्र कितीही वजनाची असो, चौथ्याच वर्गात बसते. ती मोटर कॅरव्हॅन आहे की नाही, हे राहण्याच्या सोयी आत कायमच्या बसवल्या आहेत का, यावरून ठरते. साहजिकच एकच गाडी नोंदणीत व्हॅन आणि चाचणीत घर असू शकते.

ही विसंगती आहे असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. पोलिसाला रूप हवे, म्हणून नोंदणी रूप पाहते. दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळी नावे असण्यात काही गैर नाही. खरी अडचण चाचणीच्या निकषात आहे. शेगडी आणि बिछाना पाहून ही चाचणी गाडीचा वर्ग ठरवते. आणि एकदा वर्ग ठरला की ब्रेक, टायर, दिवे, सुकाणू, गंज हे सारे तपासते, पण शेगडीकडे पाहतही नाही. ज्या वस्तूमुळे गाडी ‘घर’ झाली, तिच्या गॅसची गळती हा चाचणीचा विषयच नाही. उलट ज्या वजनाचा ब्रेकशी थेट संबंध, ते वर्ग ठरवताना बाजूला पडते. माल उतरवला की व्हॅन हलकी होते. घर असे उतरवून ठेवता येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. फिरते घर मालवाहू गाडीइतके रस्त्यावर धावत नाही, मग त्याला जड वर्गाचा जाच कशाला? शिवाय सातव्या वर्गाची चाचणी प्रत्येक गॅरेजात होत नाही, आणि जो गाडीतच राहतो त्याला ती जागा शोधत फिरणे सोपे नाही. शुल्काची अडचण मात्र मोठी नाही. चौथ्या वर्गाचे कमाल शुल्क ५४.८५ पौंड, तर सातव्याचे ५८.६०. या आक्षेपाचे वजन मान्य करूनही म्हणावेसे वाटते की उभ्या गाडीलाही गंज चढतो, तिचे टायर तडकतात. आणि चाचणी ज्या दिवशी गाडी धावेल त्या दिवसासाठी असते. म्हणून चाचणीचा वर्ग वजनावरच ठरावा, आणि गॅसची स्वतंत्र तपासणी, विशेषतः जे गाडीत कायम राहतात त्यांच्यासाठी, स्वस्तात व जवळ उपलब्ध व्हावी. त्याने ‘घर’ या शब्दाचा मान अधिक राखला जाईल.

आपल्या वर्गातल्या वादालाही हे लागू पडते. ग्रंथालयातल्या फळीसाठी, अभ्यासक्रमासाठी, पुरस्कारासाठी पुस्तकाला वेगवेगळी नावे द्यावी लागतील. त्यात अप्रामाणिकपणा नाही. अप्रामाणिकपणा आहे तो एका कामासाठी ठेवलेले नाव दुसऱ्या कामाला वापरण्यात, आणि ज्या गुणामुळे नाव दिले तो गुण नंतर न तपासण्यात. ‘ही व्यक्तिचित्रे आहेत’ असे ठरवून झाल्यावर त्यांतली व्यक्ती आपण खरोखर पाहतो का?