दारावरची नोटीस

लातूरच्या एखाद्या नव्या वसाहतीत, शिकवणीसाठी परगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देता येतील या हिशेबाने कर्ज काढून वरचा मजला चढवलेल्या घराच्या दारावर, वाळलेल्या तोरणाखाली, बँकेची कब्जानोटीस चिकटते, तेव्हा ती सारी गल्ली वाचते आणि घरधनी मात्र लज्जेने न वाचताच दार लावून घेतो. ही लज्जाच त्याचा घात करते.

दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता तारण घर लिलावात काढण्याची मुभा बँकेला देणारा २००२ चा सरफेसी कायदा कर्जदारालाही मुदती देतो: मागणीच्या नोटिशीपासून फेडीसाठी ६० दिवस, त्या अवधीत लेखी हरकत घेतल्यास बँकेचे सकारण उत्तर १५ दिवसांत, आणि कब्जाच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद. ते न्यायाधिकरण छत्रपती संभाजीनगरला. म्हणजे आधीच खचलेल्या माणसाला एसटीचा दीर्घ प्रवास आणि वकिलाची फी! त्यातच २०१६ च्या दुरुस्तीने, लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होताच थकबाकी फेडून घर सोडवण्याचा हक्क मावळतो. ही घाई मला अन्यायाची वाटते.

कब्जाची जाहिरात स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात देण्याचे बंधन असताना, मागणीची मूळ नोटीस बहुधा इंग्रजीतच का यावी? ती मराठीतच बजावण्याची सक्ती शासनाने करावी. तोवर, ज्यांच्या हाती असा कागद पडला असेल त्यांनी त्यावरील तारीख पाहावी आणि जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे याच आठवड्यात जावे.