अर्जदाराला 50 केबीची अट, साहेबांना 68 एमबी माफ!

पोस्ट मोठी आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण विषय तुमच्या-आमच्या खिशाचा आहे.

परवा एका सेवा केंद्रात बसलो होतो. समोर एक पोरगी बँक भरतीचा फॉर्म भरत होती. आयबीपीएसचा नियम स्पष्ट आहे : फोटो 20 ते 50 केबी, सही 10 ते 20 केबी. तिच्या मोबाईलमधला फोटो चार एमबीचा. केंद्रवाल्याने एकदा कमी केला, तर 63 केबी. लाल अक्षरात नकार. दुसऱ्यांदा कमी केला, तर 17 केबी. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा बसला एकदाचा. फोटो 'बसवायचे' वीस रुपये वेगळे. पोरीने मुकाट दिले.

शेजारच्या बाकड्यावर एक काका. हातात स्मार्टफोन, स्क्रीनवर फिरणारं चक्र. मला ओळखून म्हणाले, "पत्रकार साहेब, हे सकाळधरनं नुसतं फिरायलंय. नाव आलंय का नाही, तेवढं बघा बरं."

अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी होती ती. या यादीत शेतकऱ्याच्या नावासमोर व्हीके नंबर असतो. तो नंबर घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करायची, मग पैसे खात्यावर. म्हणजे नाव सापडणं ही पहिली पायरी. आणि काका त्या पहिल्या पायरीवरच अडकलेले.

मी माझ्या फोनवर फाईल उतरवली. 31 पानं. वजन 68 एमबी!

उघडून बघितलं तेव्हा डोक्याला हात लावला. यादी कॉम्प्युटरवरच टाईप केलेली. मग तिची प्रिंट काढली. प्रिंटवर सही-शिक्का मारला. मग कुणीतरी टेबलावर ठेवून मोबाईलने एकेका पानाचा फोटो काढला, रंगीत, कोपऱ्यात चहाच्या ग्लासासकट. आणि त्या 31 फोटोंची पीडीएफ करून दिली सोडून. कार्यालयाचं नाव घेत नाही. हे एकाच कार्यालयाचं दुखणं असतं तर पोस्ट लिहिलीच नसती, सरळ जाऊन बोललो असतो.

आता हिशोब ऐका. आपल्याकडे बहुतेकांचा रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक. घरात एक फोन, त्यावर पोराचा अभ्यास आणि पोराचेच रील्स. संध्याकाळपर्यंत पॅक संपतो आणि वेग 64 केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 केबी. या वेगाने 68 एमबी उतरायला दोन तास वीस मिनिटं लागतात. तीही मध्ये एकदाही नेटवर्क गेलं नाही तर! हीच यादी मूळ टाईप केलेल्या फाईलमधून थेट पीडीएफ केली असती, तर एक एमबीच्या आत बसली असती. त्याच रडक्या वेगाने दोन मिनिटांत हातात.

दोन तास वीस मिनिटं आणि दोन मिनिटं. फरक फक्त एका बटणाचा.

लगेच कुणीतरी कमेंट करणार, "दादा, डेटा आता स्वस्त झालाय, कशाला केबी-एमबी मोजता?" स्वस्त झालाय, मान्य. पण टॉवर तोच आहे. एका टॉवरची ताकद त्याखालच्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. त्या यादीत पानाला चाळीस धरली तरी बाराशेवर नावं. प्रत्येकाने एकदाच उतरवली तरी 84 जीबी. आणि यादी आली की सगळे एकाच दिवशी, एकाच वेळी बघणार. मग चक्र फिरणार नाही तर काय होणार? एसटीत माणसं लोंबकळत असताना सीटवर कपाटं ठेवली, तर गाडी लहान पडली असं म्हणायचं का?

शिवाय वजन हा अर्धाच गुन्हा. दुसरा अर्धा असा, की फोटोतली अक्षरं ही अक्षरं नसतातच, ते चित्र असतं. त्यात नाव शोधता येत नाही. काकांना 31 पानं बोटाने सरकवत, मोठं करत, चष्मा पुसत बघावं लागलं. दृष्टिहीन माणसाचा फोन मजकूर वाचून दाखवतो, पण अशा फोटोसमोर तोही मुका होतो. गंमत बघा, युनिकोडमध्ये मराठीचं एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. दोन हजार चिन्हांचं भरगच्च पान म्हणजे 6 केबी. त्याच पानाचा मोबाईल फोटो दोन-तीन एमबी. तीन-चारशे पट वजन वाढवून आपण पान वाचायला अवघड केलं. याला कारभार म्हणायचं?

मी एका ओळखीच्या बाबूंना विचारलं. म्हणाले, "सही-शिक्का दिसायला नको का? उद्या कुणी म्हणेल यादी खोटी." बरं. मग डिजिटल सहीचा सातबारा कसा चालतो? माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा आहे, डिजिटल सहीला मान्यता त्यातच आहे. तेही जमत नसेल तर सही-शिक्क्याची प्रत चावडीच्या फळ्यावर लावा आणि वेबसाईटवर टाईप केलेली फाईल टाका. आणि स्कॅन करायचंच असेल तर रंगीत कशाला? काळं-पांढरं, 200 डीपीआयवर स्कॅन करा. अक्षर स्वच्छ दिसतं आणि वजन मोबाईल फोटोच्या कितीतरी खाली येतं.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. सरकारी वेबसाईट कशा असाव्यात याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 2009 पासून आहेत, 2023 मध्ये तिसरी आवृत्ती आली. डाउनलोड करायच्या फाईलसमोर तिचा प्रकार आणि आकार लिहावा, हे त्यात आहे. तुम्ही शेवटचं कधी बघितलं असं लिहिलेलं?

आता स्वतःबद्दल बोलतो, नाहीतर म्हणाल पत्रकार दुसऱ्यालाच शिकवतो.

2004 साली पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी बातमीदारीला लागलो. सायबर कॅफेतून डायल-अपवर फोटो पाठवायचो. मोडेम 56 केबीपीएसचा. जिल्हा कार्यालयातले आमचे वरिष्ठ फोनवर ओरडायचे, "शंभर केबीच्या वर फोटो पाठवलास तर बातमीसकट फेकून देईन." त्या धाकाने प्रत्येक फोटो कापायला, आकार कमी करायला शिकलो. पुढे इंटरनेट वेगवान झालं आणि मीही माजलो. आमच्या साप्ताहिकाच्या वेबसाईटवर मोबाईलमधला चार एमबीचा फोटो जसाच्या तसा टाकायला लागलो. पानावर लहान दिसायचा, म्हणून वाटायचं लहान झाला. तसं नसतं! दिसायला लहान केला तरी वाचकाच्या फोनवर आधी अख्खे चार एमबी उतरतात, मग तो लहान दिसतो.

त्याची शिक्षा नगरपालिकेच्या निकालादिवशी मिळाली. आमचा होस्टिंग प्लॅन महिन्याला 10 जीबीचा. मुख्य पानावर पाच फोटो, म्हणजे एका भेटीला 20 एमबी. करा भागाकार. पाचशे भेटींत खेळ खलास. दुपारी बारा वाजता, ऐन निकालाच्या वेळी, साईटवर 'बँडविड्थ मर्यादा संपली' अशा अर्थाचं इंग्रजी पान. गावभर फोन, "साईट बंद का?" विरोधकांनी बंद पाडली अशीही अफवा उठली. कुणी पाडली नव्हती, माझ्याच फोटोंनी पाडली होती.

त्या रात्री बसून सगळे फोटो कमी केले. मोबाईलचा फोटो साधारण चार हजार पिक्सेल रुंद असतो, फोनची स्क्रीन बहुधा हजार-अकराशेची. म्हणून रुंदी 1200 केली, जेपीईजीची गुणवत्ता 75-80 ठेवली. चार एमबीचा फोटो सरासरी दीडशे केबीवर आला. डोळ्याला फरक शून्य. पाच फोटो मिळून 750 केबी. त्याच 10 जीबीत आता तेरा हजारांवर भेटी बसतात. एका रुपयाचा खर्च नाही. फोटो काढणाऱ्याची दोन मिनिटं, एवढंच.

माझं म्हणणं याच दोन मिनिटांबद्दल आहे. फाईल टाकणारा एक असतो, उतरवणारे हजार. टाकणाऱ्याने दोन मिनिटं वाचवली की त्याची किंमत त्या हजारांनी मोजायची. आणि आपल्याकडे ती नेमकी त्यांनीच मोजायची, ज्यांच्याकडे सगळ्यात कमी नेटवर्क आहे. बँकेत नोकरी मागणाऱ्या पोरीला 50 केबीची शिस्त लावता ना? योग्यच आहे, लाखो अर्ज येतात, सर्व्हरवर ताण पडतो. पण मग तीच शिस्त तुम्हाला का नाही? तुमचा सर्व्हर सर्व्हर, आणि काकांचा फोन म्हणजे काय उकिरडा?

म्हणून तालुक्यातल्या सगळ्या कार्यालयांकडे जाहीर मागणी :

1. याद्या, सूचना, ठराव टाईप केलेल्या मूळ फाईलमधूनच पीडीएफ करा. युनिकोड मराठीत, म्हणजे नाव टाईप केलं की सापडेल.
2. यादी गावनिहाय तोडा. एका गावच्या माणसाने तीस गावांची पानं का उतरवायची?
3. प्रत्येक फाईलसमोर वजन लिहा.
4. कार्यक्रमाचे, सत्काराचे फोटो 200 केबीच्या आत टाका. साहेबांचा चेहरा तेवढ्यातही ओळखू येतो!

पुढच्या सोमवारी हे निवेदन स्वतः नेऊन देणार आहे. सोबत यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. आणि तुमच्याकडे अशी अवजड फाईल असेल तर तिचं नाव आणि वजन कळवा. फाईल पाठवू नका, कृपा करा!

काकांचं नाव सापडलं. पान 27 वर, ओळ 14. ई-केवायसी झाली. पण सकाळी आठला आलेला माणूस दुपारी दोनला उठला. एक दिवसाचा रोज बुडाला, तो कुठल्या यादीत येत नाही.

जाता जाता, ही एवढी लांबलचक पोस्ट म्हणजे फक्त वीसेक केबी मजकूर आहे. त्या पोरीच्या फोटोच्या अटीतसुद्धा बसते.