रीलला दाद नागपूरची, ग्राहक मात्र गल्लीतला

रायपूर : शहराच्या जुन्या वस्तीतील ब्राह्मणपारा, तात्यापारा, बुढापारा या भागांत छोट्या व्यवसायाची जाहिरात पूर्वी दोनच मार्गांनी होत असे, दारावरची पाटी आणि शेजारणीचा शब्द. आता त्यांच्या जोडीला मोबाईलवरील तीस सेकंदांची चित्रफीत आली आहे. घरगुती फराळ, शिवणकाम, मेंदी, शिकवणी अशा व्यवसायांसाठी समाजमाध्यमे जवळपास विनामूल्य असल्याने त्यांचे आकर्षण स्वाभाविक आहे. मात्र चित्रफीत किती जणांनी पाहिली आणि डबे किती विकले गेले, या दोन आकड्यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

रायपूर जिल्ह्यातीलच तुलसी गावाचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. सुमारे चार हजार लोकवस्तीच्या या गावातील हजारभर रहिवासी यूट्यूबसाठी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात काम करतात, अशी वृत्ते प्रसिद्ध झाली आहेत. प्रशासनाने २०२३ मध्ये तेथे स्टुडिओही उभारून दिला. परंतु तुलसीत चित्रफीत हाच विकायचा माल आहे आणि प्रेक्षक कोठलाही असला तरी चालतो. फराळ विकणाऱ्या गृहिणीसाठी चित्रफीत ही केवळ पाटी असते. पाटी हजारो मैलांवरून दिसली, तरी चकली शेजारच्या गल्लीतच पोहोचवायची असते.

समाजमाध्यमांची रचना नेमकी याच ठिकाणी आड येते. रील कोणाला दाखवायची हे प्रेक्षकाच्या आवडीवरून ठरते. तो किती अंतरावर राहतो याला त्यात दुय्यम स्थान असते. त्यामुळे ब्राह्मणपाऱ्यातील अनरशांची चित्रफीत पुण्यातील खवय्यापर्यंत सहज जाते आणि चौबे कॉलनीतील संभाव्य ग्राहकाला मात्र कदाचित दिसतही नाही. पैसे मोजून दिलेल्या जाहिरातीत ठरावीक परिघ निवडण्याची सोय असते. गूगल नकाशावर दुकानाची नोंद तर विनामूल्य करता येते. ‘जवळपास फराळ कोठे मिळेल’ असे शोधणारा माणूस विकत घेण्याच्या तयारीत असतो, हे लक्षात घेता ही नोंद शंभर रील्सपेक्षा उपयुक्त ठरू शकते. तिच्याकडे होणारे दुर्लक्ष अनाकलनीय आहे.

प्रत्यक्ष व्यवहार बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरच पूर्ण होतो. जानेवारी २०१८ मध्ये भारतात आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमुळे दरपत्रक, पदार्थांची छायाचित्रे आणि ठरावीक उत्तरे एका जागी ठेवता येऊ लागली. ज्यांनी विक्रेत्याचा क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये जतन केला आहे, त्यांनाच ब्रॉडकास्ट यादीतील संदेश मिळतो. ही अट जाचक वाटली तरी त्यातूनच खरा ग्राहक आणि केवळ पाहणारा असा भेद होतो. दोनशे जतन केलेल्या क्रमांकांचे मोल वीस हजार अनुयायांहून अधिक असू शकते.

अनुयायी मुळात विक्रेत्याचे नसतातच, याचा अनुभव देशाने घेतला आहे. केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा अनेकांनी परिश्रमपूर्वक जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास एकाच वेळी ठप्प होती. नाव, क्रमांक आणि मागील मागणी यांची कागदी वही ज्यांच्याकडे होती, त्यांना अशा वेळी निदान ग्राहकाला दूरध्वनी करता आला.

विक्री वाढली की कायद्याचा प्रश्नही उभा राहतो. घरच्या स्वयंपाकघरात केलेला पदार्थ विकण्यासाठीही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी बंधनकारक असून वेष्टनावर तिचा चौदा अंकी क्रमांक द्यावा लागतो. पूर्वबंद पाकिटावर निव्वळ वजन, किंमत आणि उत्पादकाचा पत्ता आवश्यक असतो.

रायपूरच्या मराठी विक्रेत्यांपुढील पेच त्याहून वेगळा आहे. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले, तेव्हापासून या प्रदेशाचे नागपूरशी नाते आहे. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून कार्यरत आहे. साहजिकच येथील कुटुंबांचे नातलग, आणि म्हणून रीलवरचे पहिले कौतुक करणारेही, बहुधा नागपूर-विदर्भातले असतात. अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर. पण मध्ये राज्याची सीमा आहे. छत्तीसगडमध्येच माल विकणाऱ्यास वार्षिक ४० लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीवर वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असल्यास मात्र उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी अनिवार्य ठरते आणि छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या कंपोझिशन योजनेतूनही अशी विक्री करता येत नाही. म्हणजे चार डबे नागपूरला विकायचे, तरी नियमित विवरणपत्रे भरणे आले. हस्तकलेच्या अधिसूचित वस्तूंना या अटीतून सवलत देण्यात आली आहे. चकली-चिवड्याचा त्या यादीत समावेश नाही.