फॉरमॅट मारा म्हणे!

मंडळी, यूएसबी हेडसेट डेस्कटॉपला दिसत नाही म्हटलं, की आमच्या मानवतात एकच औषध ऐकायला मिळतं : "फॉरमॅट मारावा लागंल." अहो, ढेकणांपायी घर जाळायचं का? भाच्याच्या पीसीत आजोबांचे फोटो आहेत, ते उडाले तर कोण परत आणणार?

१९९६ साली यूएसबी आली तीच मुळी लावलं की चालावं म्हणून. अशा हेडसेटमध्ये साउंडकार्ड स्वतःचंच असतं, अन् त्याचा साधा ड्रायव्हर विंडोजकडे आधीच असतो. तेव्हा आधी कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा. तो थेट मदरबोर्डवर असतो; पुढचा आतून वायरने जोडलेला, ती सैल झाली की संपलं. तरी नाही? दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही मुका, तर विंडोजचा काय दोष? तिथे बोलला, तर डिव्हाइस मॅनेजरमधून त्याची नोंद काढा, पीसी रीस्टार्ट करा. नाव दिसतंय पण आवाज नाही, तर साउंडमध्ये तोच डिफॉल्ट निवडा.

१० मिनिटांचं काम, खर्च शून्य. हे न करता फॉरमॅट सांगणारा दुरुस्ती करत नाही, अंदाज विकतो. त्याला एवढंच विचारा : "दुसऱ्या मशीनला लावून बघितलंत का?"