मूळपीठावरील चित्रे कोणाची?

औंधच्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयातील उत्तम चित्रे पुण्यास किंवा मुंबईस आणून ठेवावीत, असे सुचविणारे गृहस्थ आम्हांस अधूनमधून भेटतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. खटाव तालुक्यातील एका टेकडीवर राजा रविवर्म्याची तैलचित्रे व हेन्री मूरचे माता आणि बालकाचे शिल्प असावे, आणि ते पाहावयास देवीच्या यात्रेकरूंवाचून कोणी फारसे जाऊ नये, याचे त्यांना मनापासून वाईट वाटते. दुसरा एक वर्ग याहून कडक आहे. तो म्हणतो की, ती टेकडीवरची इमारत म्हणजे एका संस्थानिकाची हौस. दुष्काळी मुलखातील कुणब्याच्या साऱ्यावर ती उभी राहिली, तेव्हा तिचे कौतुक करण्याचे कारणच नाही. हे दोन्ही पक्ष परस्परांस मूर्ख समजतात. आमच्या मते त्यांची चूक एकच आहे. मूळपीठावरील ती वास्तू राजाचा वाडा होती आणि पुढे काळाच्या ओघात लोकांस खुली झाली, असे दोघेही मनात धरून चालतात.

अशा वास्तू जगात पुष्कळ आहेत. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने नॉयश्वानस्टाइनचा वाडा डोंगराच्या कड्यावर बांधला तो स्वतःच्या एकांतासाठी. १८८६ च्या जूनमध्ये तो वारला, आणि सात आठवडे होतात न होतात तोच तिकीट लावून लोकांस आत सोडण्यात आले. अमेरिकेत वृत्तपत्रांचे धनी हर्स्ट यांनी १९१९ पासून कॅलिफोर्नियातील टेकडीवर युरोपभरची चित्रे, छते व पुतळे आणून आपले घर सजविले. ते वारल्यावर ते घर सरकारकडे गेले व १९५८ साली प्रेक्षकांस खुले झाले. दोन्ही ठिकाणी धनी गेल्यावर लोक आले. लोकांनी यावे असे धन्याच्या मनात नव्हते; म्हणूनच तेथे जाणारा मनुष्य अजूनही परक्याच्या शयनगृहात डोकावल्यासारखा चालतो.

औंधास क्रम उलटा आहे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. त्यांचा राहता वाडा खाली गावात आहे. वर, यमाईच्या वाटेवर, त्यांनी १९३८ साली जी इमारत उभी केली ती राहण्यासाठी नव्हे; जन्मभर जमविलेला संग्रह लोकांस दाखविण्यासाठी. राजा जिवंत होता, गादीवर होता, आणि आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे ते त्याने आपल्या छपराखालून काढून देवीच्या पायवाटेवर नेऊन ठेवले. जागेची ही निवड आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. साताऱ्याचा वकील किंवा पुण्याचा प्राध्यापक यांच्या सोयीची ती जागा नाहीच. पौषातील यात्रेस नारळ घेऊन चढणारी माण-खटावची बाई वाटेत जेथे दम घेईल, तेथे ती आहे.

संग्रह सगळाच उच्च दर्जाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. युरोपीय चित्रांच्या नकला तेथे आहेत व त्यांतील काहींपाशी रेंगाळण्याचे कारण नाही. बाळासाहेब स्वतः चित्रे काढीत. त्यांची रेषा भाविक होती, धीट नव्हती. पण त्याच भिंतींच्या आत किरातार्जुनाच्या कथेवरील पहाडी लघुचित्रे आहेत, धुरंधरांची चित्रे आहेत, बंगाली पद्धतीची आहेत, हस्तिदंताचे व चंदनाचे कोरीव काम आहे, आणि या सर्वांत मूरचे ते दगडी शिल्प अनोळखी पाहुण्यासारखे बसले आहे. हे सारे एकाच माणसाने एकत्र आणले, म्हणून त्याला एक चव आहे. मोठ्या शहरातील संग्रहालयात त्याचे तुकडे होतील: रविवर्मा एका दालनात, पहाडी चित्रे दुसऱ्यात, आणि नकला तळघरात.

आता पैशाचा आक्षेप. तो आम्ही टाळू इच्छीत नाही, कारण तो खरा आहे. औंधचे संस्थान अवघे ७२ गावांचे. आणि तीही सलग नव्हेत. काही आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल आजच्या सांगलीत, गुणदाळ थेट विजापुराकडे. त्यांतली आटपाडी तर पावसाने नेहमीच पाठ फिरविलेली. त्या गावांच्या साऱ्यातून चित्रे आली, हे उघड आहे. परंतु जो हा आक्षेप घेतो त्याने त्या राजाचा सगळा हिशेब वाचावा. संग्रहालय उघडल्यानंतर थोड्याच दिवसांत, १९३९ च्या जानेवारीत, याच बाळासाहेबांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंतीवाचूनची कैद्यांची वसाहत निघाली. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन व राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा त्या दोन्ही कामांत मोठा हात होता. औंधास शिकलेले आटपाडीकडचे ग. दि. माडगूळकर यांनी पुढे त्या वसाहतीवरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखे बारह हाथ' काढला, तेव्हा कोठे मुंबईकरांस स्वतंत्रपूर कळले. सूर्यनमस्कारांचा या राजाचा आग्रह शाळेतल्या पोरांना नकोसा वाटत असेल. तो भाग वेगळा. पण ज्याने सत्ता दिली, कैद्यांच्या भोवतालची भिंत काढली आणि चित्रे टेकडीवर ठेवली, त्याची ही तिन्ही कृत्ये एकाच मनातून निघाली आहेत. त्यांतले एकच उचलून त्यास हौस म्हणणे न्यायाचे नव्हे.

शिवाय चित्रे कुणब्याच्या पैशाने आली असतील, तर ती कुणब्याचीच आहेत. ती त्याच्या दारातून उचलून मुंबईस न्यावीत हे अनुमान त्यातून कसे निघते? या मुलखाने मुंबईस आजवर पुष्कळ दिले. गिरण्यांत राबावयास माणसे दिली, ती परत आली तेव्हा बहुधा खोकत आली. आता चित्रेही द्यावीत काय? 'तेथे पाहणारे जाणते नाहीत' असे म्हणणाऱ्यांस आमचा प्रश्न आहे की, जाणतेपण पाहिल्यावाचून येते कोठून? माडगूळकर औंधास शिकले ते जाणते म्हणून नव्हे.

१९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५१ साली बाळासाहेब वारले, आणि संग्रह आज शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. खात्याने चित्रांना ऊन, ओल व वाळवी लागू देऊ नये, त्यांखाली खेड्यातल्या मुलास वाचता येईल अशा मराठीत चार ओळी लिहाव्यात, आणि यात्रेच्या दिवशी रांग पायऱ्यांपर्यंत आली तरी दार लवकर लावू नये. चित्रे पाहावयाची ज्या शहरवासीयांस खरोखर तळमळ आहे, त्यांनी साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जाणारी गाडी धरावी.