राज्य कोणावर?

चार मुले, थोडे अंगण आणि दिवेलागणीपर्यंतचा वेळ एवढ्या भांडवलावर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांचे बालपण पार पडले. शिवाशिवी, लपंडाव, साखळी, विषामृत, दगड का माती यांपैकी एकाही खेळाला साहित्य लागत नाही. लगोरीला चपट्या दगडांची चळत आणि एक चेंडू, डबा ऐसपैसला रिकामा डबा, ठिकरीला फरशीचा तुकडा पुरतो. तरीही शहरातील मध्यमवर्गीय घरांत मुलांचा खेळ ही आता आगाऊ ठरवून, शुल्क भरून आणि गाडीने पोहोचवून उरकण्याची बाब झाली आहे. क्रिकेटची अकादमी, स्केटिंगचा वर्ग, उन्हाळी शिबिर यांचे वेळापत्रक सांभाळताना पालकांची दमछाक होते. मुलांना फुकट खेळता येत असताना तो खेळ इतका महाग कसा झाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

कागदावर या हक्काला कमतरता नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे ३१ वे कलम खेळाला मुलांचा हक्क मानते आणि भारताने १९९२ मध्ये या कराराचा स्वीकार केला. आमसभेने २०२४ मध्ये ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिन म्हणून घोषित केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल आवश्यक आहे. आठवड्यातून दोनदा होणाऱ्या वर्गातून हा हिशेब पुरा होणे कठीण. घराखाली रोज तासभर पळापळ केली, तर तो सहज पुरा होतो.

डोळ्यांचा प्रश्न

बाहेर खेळण्याचा संबंध केवळ वजनाशी नाही. चीनमधील ग्वांगझो शहरात प्राथमिक शाळांतील मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढविला. तीन वर्षांनंतर त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष जडला होता. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. तैवानने तर २०१० पासूनच मुलांनी दिवसाकाठी १२० मिनिटे बाहेर राहावे यासाठी शाळांमार्फत मोहीम चालविली. दिवसाच्या प्रखर उजेडामुळे हा लाभ होत असावा, असे संशोधक मानतात. लागलेला चष्मा त्याने उतरत नाही. परंतु चष्मा लागण्याचा धोका कमी होतो. यासाठी प्रशिक्षक लागत नाही, की साहित्य.

दुसरा लाभ मोजपट्टीत न बसणारा आहे. मुले चकतात, एकेक जण सुटतो आणि उरलेल्यावर राज्य येते. धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळात घेतले जाते. ते बाद होत नाही, पण बाहेरही राहत नाही. कोणी धापा टाकत ‘टाइमप्लीज’ म्हटले, की डाव थांबतो. दुबळ्याला सामावून घेणे, भांडण मिटविणे, हार पचविणे हे सारे मुले मोठ्यांच्या गैरहजेरीत ठरवितात. वर्गात मात्र नियम प्रशिक्षकाचा आणि निवाडाही त्याचाच असतो.

जागा आहे, मोकळीक नाही

शहरात जागेची टंचाई खरीच आहे. केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबईकरांच्या वाट्याला दोन चौरस मीटरही येत नाही. मात्र आहे त्या जागेचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मोठ्या भूखंडांवर आकारानुसार १५ ते २५ टक्के जागा मनोरंजनासाठी राखणे बंधनकारक केले होते. ही किमान जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून भागणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये बजावले. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकात्मिक नियमावलीतही ४,००० चौरस मीटर व त्यावरील भूखंडांवर दहा टक्के खुल्या जागेची अट आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असणे अपेक्षित आहे.

प्रत्यक्षात संकुलातील मोकळ्या जागेत मोटारी उभ्या राहतात, हिरवळीवर ‘येथे खेळू नये’ अशी पाटी लागते आणि शाळा सुटताच मैदानाला कुलूप पडते. रहिवाशांची बाजू अगदीच निराधार नाही. फुटलेली काच, दुपारची झोपमोड, फाटकाबाहेरची वाहतूक या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांवर सरसकट बंदी हा एकमेव उपाय नव्हे.

ब्रिस्टल शहरात २००९ मध्ये दोन शेजारणींनी आपली गल्ली काही तास वाहनांना बंद करून मुलांना मोकळी करून दिली. पुढे तेथील पालिकेने अशा परवानगीची रीतच घालून दिली. पुण्यात डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन झाला, मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये रविवारी काही रस्ते नागरिकांसाठी खुले केले. उपक्रम स्तुत्य होते. पण मुलांचा खेळ रविवारची वाट पाहू शकत नाही.

गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांनी रोज संध्याकाळचे दोन तास आवार मुलांसाठी राखावे, तेवढा वेळ मोटारी जपून चालवाव्यात, आजी-आजोबांपैकी कोणी आळीपाळीने नुसते बाकावर बसावे. शाळांनी मैदाने सायंकाळी परिसरातील मुलांना खुली करावीत आणि देखरेखीचा खर्च पालिकेने उचलावा. यातील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. मुले चकायला केव्हाही तयार आहेत. राज्य सध्या मोठ्यांवर आहे.